बंदिशकाराची कारकीर्द : समकालीन हिंदुस्थानी संगीतातील रचनाकार आणि गायक यांच्या संबंधाची चिकित्सा

तेराव्या शतकातील 'संगीतरत्नाकर' या ग्रंथात शार्ङ्गदेवाने वाग्गेयकाराचे लक्षण सांगितले आहे. पद्याला तो 'मातु' म्हणतो आणि स्वररचनेला 'धातु'. ही दोन्ही अंगे जो स्वतः निर्माण करतो तो वाग्गेयकार. अशा रचनाकारांचे उत्तम, मध्यम आणि अधम असे प्रकार त्याने केले असून गायकाच्या गुणदोषांची चर्चा त्याच प्रकीर्णक अध्यायात स्वतंत्रपणे केली आहे. म्हणजे रचना करणारा आणि ती सादर करणारा या दोन भूमिका असून त्यांचे मूल्यमापन वेगवेगळ्या निकषांवर व्हावे, हे या ग्रंथकाराला मान्य होते. शार्ङ्गदेव स्वतः देवगिरीच्या यादवांच्या पदरी, राजा सिंघणाच्या हिशेबखात्यात अधिकारी होता. संगीतशास्त्रावरील इतका प्रभावी ग्रंथ लिहिणाऱ्याचा चरितार्थ जमाखर्चावर चालत होता, हा तपशील पुढील विवेचनाच्या संदर्भात ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

दक्षिणेकडील संगीताने वाग्गेयकाराचे हे स्थान पुढे जपले. त्यागराज, मुत्तुस्वामी दीक्षितर आणि श्यामा शास्त्री यांची नावे घेतल्यावाचून तेथील मैफल पुरी होत नाही. कोणती कृती कोणाची हे सामान्य श्रोत्यालाही ठाऊक असते. तिरुवैयारू येथे त्यागराजांच्या स्मरणार्थ शेकडो गायक-वादक एकत्र बसून त्यांच्या पंचरत्न कृती गातात. हिंदुस्थानी पद्धतीत मात्र असा एकही उत्सव दाखविता येत नाही. सदारंगांच्या नावावर ख्यालाची सारी इमारत उभी आहे असे आपण वर्गात सांगतो, परंतु सदारंगांची पुण्यतिथी कोणी साजरी केल्याचे ऐकिवात नाही. येथे गायकाला कारकीर्द आहे. रचनाकाराला, तो केवळ रचनाकार असेल तर, कारकीर्दच नाही. असे का झाले आणि त्याचे परिणाम कोणाला भोगावे लागतात, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

या प्रश्नाला सामान्यतः दिले जाणारे उत्तर आपल्या परिचयाचे आहे. बंदिश हे बीज आहे, गायक ते फुलवितो. एकाच बंदिशीतून दोन गायक दोन वेगळे राग-दर्शन घडवितात. तेव्हा निर्मितीचे श्रेय मुख्यतः गायकाकडेच जाणार. या उत्तरात तथ्य आहे. विलंबित ख्यालाच्या अर्ध्यापाऊण तासात मूळ रचनेचा वाटा स्थायी-अंतऱ्याच्या आठदहा ओळींहून अधिक नसतो, आणि पाश्चात्त्य सिंफनीच्या संहितेप्रमाणे तिच्यात प्रत्येक क्षणाचा हिशेब लिहिलेला नसतो. परंतु हे उत्तर सोयीचेही आहे. बीज महत्त्वाचे नसते तर आग्रा घराण्याच्या उस्तादांनी आपल्या चिजा शिष्यांपासूनदेखील राखून ठेवल्या नसत्या, आणि मुलीच्या लग्नात चिजा आंदण दिल्याच्या आख्यायिकाही निर्माण झाल्या नसत्या. ज्या वस्तूला इतके मोल होते तिच्या निर्मात्याला मोल का नसावे? मालकी घराण्याची होती, व्यक्तीची नव्हती, असे याचे ऐतिहासिक उत्तर देता येईल. घराणी विसाव्या शतकात सैल झाली. नवी व्यवस्था आली, तिने गायकाला व्यक्ती म्हणून ओळखले आणि रचनाकाराला मात्र 'परंपरा' या सामूहिक नावाखाली तसेच राहू दिले.

मुद्रा आणि अंतरा

रचनाकाराने आपले नाव राखण्यासाठी शोधलेला एकमेव उपाय म्हणजे मुद्रा. सदारंग, अदारंग, मनरंग यांपासून ती रीत अखंड चालत आलेली आहे. फैयाज खाँ 'प्रेमपिया' होते, विलायत हुसेन खाँ 'प्राणपिया', बडे गुलाम अली खाँ 'सबरंग'. महाराष्ट्रातील जगन्नाथबुवा पुरोहित 'गुणिदास' या नावाने रचना करीत. त्यांचे शिष्य चि. रा. व्यास यांनी 'गुणिजान' हे नाव घेतले. श्रीकृष्ण नारायण रातंजनकर 'सुजान', त्यांचे शिष्य दिनकर कायकिणी 'दिनरंग', अलाहाबादचे रामाश्रय झा 'रामरंग', वाराणसीचे बळवंतराय भट्ट 'भावरंग'. या नावांच्या परंपरेतच एक नम्रता आणि एक हक्क असे दोन्ही भाव गुंतलेले दिसतात.

मुद्रा कोठे येते? बहुधा अंतऱ्यात. आणि समकालीन मैफलीत सर्वांत अधिक काट बसते ती अंतऱ्यालाच. विलंबित ख्यालात स्थायीच्या मुखड्यावर आलाप, बोलआलाप, तान असा सगळा विस्तार होतो. तार षड्जावर पोहोचल्यानंतर अंतऱ्याची पहिली ओळ उच्चारून गायक परत फिरतो, आणि कित्येकदा तेवढेही करीत नाही. ध्वनिमुद्रिकेची बाजू साडेतीन मिनिटांची होती तेव्हा अंतरा भराभर का होईना, गायला जाई. वेळेची मुभा वाढली तसा तो आक्रसत गेला, हा विरोधाभास अभ्यासण्याजोगा आहे. या सौंदर्यशास्त्रीय बदलाची चर्चा आपण 'ख्यालातील शब्दांचे गौणत्व' या अंगाने पुष्कळ केली आहे. तिची दुसरी बाजू अशी, की ज्या ओळीत रचनाकाराची सही आहे तीच ओळ गाळली जाते. पत्राचा मजकूर वाचावा आणि खालचे नाव झाकावे, तसा हा प्रकार आहे. कोणी तो हेतुतः करतो असे म्हणण्याचा उद्देश नाही; पण ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर राग आणि ताल यांच्यापुढे 'पारंपरिक' असा शब्द छापला जातो, तेव्हा त्या शब्दाखाली काही जिवंत माणसेही दडपली जातात.

पदाला चाल देणारा

याच महाराष्ट्रात रचनाकाराला स्वतंत्र नाव आणि स्वतंत्र मोबदला देणारी एक व्यवस्था मात्र होती. ती म्हणजे संगीत रंगभूमी. १९११ मधील 'मानापमान'च्या चाली गोविंदराव टेंबे यांच्या, १९१६ मधील 'स्वयंवर'च्या भास्करबुवा बखले यांच्या, हे शंभर वर्षांनंतरही नाट्यरसिकाला सांगावे लागत नाही. बालगंधर्वांनी पदे गाजविली, तरी बखल्यांचे श्रेय बालगंधर्वांकडे गेले नाही. हे कसे घडले? नाटकाची जाहिरात होती, छापील संहिता होती, नाटकमंडळीचा हिशेब होता; ज्याने काम केले त्याचे नाव कोठेतरी लिहावेच लागे. शिवाय जुन्या संगीत नाटकांच्या पुस्तकांत प्रत्येक पदाच्या शिरोभागी राग, ताल आणि 'चाल' यांची नोंद असे, आणि चालीच्या जागी मूळ चिजेचे किंवा लावणीचे आरंभीचे शब्द दिलेले असत. आज त्या पुस्तकांकडे पाहिले की त्यांतील प्रामाणिकपणाचे कौतुक वाटते. पदाची स्वररचना उसनी असेल तर ती कोठून घेतली हे प्रेक्षकाला उघडपणे सांगितलेले असे. मूळ चिजेच्या कर्त्याचे नाव तेथेही नसे, हे खरे. पण रचना ही कोठून तरी आलेली वस्तू आहे, तिला एक कूळ आहे, ही जाणीव त्या नोंदीत स्पष्ट दिसते.

हीच वाट पुढे जितेंद्र अभिषेकी यांनी चालली. मंगेशीला जन्मलेल्या, आकाशवाणीत नोकरी केलेल्या, जगन्नाथबुवा आणि अझमत हुसेन खाँ यांच्याकडे शिकलेल्या या गायकाचे नाव मराठी घरांत पोहोचले ते 'मत्स्यगंधा' (१९६४), 'ययाति आणि देवयानी', 'कट्यार काळजात घुसली' (१९६७) यांच्या संगीतामुळे. 'कट्यार'मध्ये अभिषेकी संगीतकार होते आणि वसंतराव देशपांडे गायक-नट. दोघांच्या कामाचा आस्वाद आपण आजही अलग अलग घेऊ शकतो. वसंतरावांनी आयुष्याची कित्येक वर्षे लष्कराच्या हिशेबखात्यात नोकरी केली. (शार्ङ्गदेवापासून चालत आलेली ही एक परंपराच म्हणावी काय, असा प्रश्न पडतो.) परंतु अभिषेकींच्या बाबतीत एक निरीक्षण नोंदवावेसे वाटते. रंगभूमीसाठी त्यांनी केलेल्या रचना त्यांच्या नावाने नांदल्या, ख्यालाच्या बंदिशी मात्र शिष्यांच्या वर्तुळापलीकडे फारशा नावानिशी गेल्या नाहीत. रचना करणारा माणूस तोच, कौशल्य तेच. फरक केवळ माध्यमाने पडला, कारण एका माध्यमात श्रेयाची व्यवस्था होती आणि दुसऱ्यात ती कोणी उभी केली नव्हती.

केवळ रचनाकारच राहू पाहणाऱ्याचे काय होते, याचे उदाहरण आपल्या शेजारीच, परंतु दुसऱ्या संगीतपद्धतीत सापडते. मुंबईचे वनराज भाटिया (१९२७–२०२१) हे लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये आणि पॅरिसमध्ये नादिया बूलांजे यांच्याकडे शिकलेले, पाश्चात्त्य अभिजात पद्धतीने रचना करणारे संगीतकार. परत आल्यावर त्यांनी काही वर्षे दिल्ली विद्यापीठात अध्यापन केले, हजारो जाहिरातींना संगीत दिले, श्याम बेनेगल यांच्या 'अंकुर', 'भूमिका', 'मंथन' यांसारख्या चित्रपटांचे संगीत केले. 'तमस'साठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि २०१२ मध्ये पद्मश्री. गिरीश कार्नाड यांच्या 'अग्नि मत्तु मळे' या नाटकावरील ऑपेरा ते दीर्घकाळ लिहीत राहिले. त्यांच्या अखेरच्या वर्षांतील आर्थिक विवंचना वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाली होती. पश्चिमेत सारे सुरळीत चालते असे मात्र कोणी समजू नये. चार्ल्स आइव्हज विमा व्यवसायावर जगला. फिलिप ग्लासचा 'आइन्स्टाइन ऑन द बीच' १९७६ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन ऑपेराच्या मंचावर झाला आणि त्यानंतरही तो टॅक्सी चालवीत होता. तथापि ग्लासपाशी एक गोष्ट होती: त्याची संहिता त्याची होती, आणि पुढे ती जेथे जेथे वाजली तेथून तिचा मोबदला त्याच्याकडे वळला. भाटियांच्या गंभीर रचना वाजविणारे वाद्यवृंदच या देशात मोजके होते. बंदिशकाराची स्थिती नेमकी उलट आहे. त्याची रचना गाणारे शेकडो आहेत, आणि तिचा हिशेब ठेवणारा कोणी नाही.

तीन वाटा

स्वातंत्र्योत्तर काळात बंदिशी समाजात पसरल्या त्या मुख्यतः तीन मार्गांनी, आणि प्रत्येक मार्गाने रचनाकाराला वेगळी वागणूक दिली.

पहिला मार्ग अभ्यासक्रमाचा. भातखंडे यांनी क्रमिक पुस्तक मालिकेच्या सहा भागांत जुन्या चिजा स्वरलिपीबद्ध केल्या, स्वतःही 'चतुर' या नावाने लक्षणगीते रचली. व्यवसायाने ते वकील होते आणि मैफलीचे गायक म्हणून त्यांनी कारकीर्द केली नाही. रातंजनकर यांनी 'अभिनवगीतमंजरी'च्या तीन भागांतून आपल्या रचना प्रसिद्ध केल्या. लखनौच्या संगीत महाविद्यालयाचे प्राचार्य, पुढे खैरागढच्या विद्यापीठाचे कुलगुरू, अशी त्यांची ओळख; त्या ओळखीच्या वजनाने त्यांच्या बंदिशी विद्यार्थ्यांच्या दोन पिढ्यांपर्यंत गेल्या. रामाश्रय झा यांच्या 'अभिनव गीतांजलि'चे पाच भाग, भट्ट यांची 'भावरंगलहरी' हीदेखील याच मार्गाची फळे. रचना ही येथे अध्यापकाच्या कामाचा भाग बनली. पगार अध्यापनाचा, रचना त्याच्या पोटात. या व्यवस्थेने रचनाकाराला जगविले, यात शंका नाही. मात्र तिने त्याला 'शास्त्रकार' किंवा 'पंडित' ठरवून मैफलीच्या बाहेर बसविले. रातंजनकरांच्या रचना रागाच्या व्याकरणाला चोख आणि बांधणीला घट्ट आहेत. तरी त्यांची गणना 'विद्यालयीन चिजा' म्हणून व्हावी, हे न्याय्य वाटत नाही. त्या चिजा मोठ्या गायकांनी गायल्या तेव्हा त्या रंगल्या आहेतच.

दुसरा मार्ग ध्वनिमुद्रिकेचा, आणि त्याचे सर्वांत बोलके उदाहरण प्रभा अत्रे (१९३२–२०२४). विज्ञान आणि कायदा या दोन्ही शाखांच्या पदव्या, सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकर यांची तालीम, आकाशवाणीतील नोकरी, पुढे १९७९ ते १९९२ या काळात एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या संगीत विभागाचे प्रमुखपद, आणि या सर्वांबरोबर अखंड मैफली. त्यांच्या मारुबिहाग आणि कलावती या रागांतील ध्वनिमुद्रणाने एक विलक्षण गोष्ट केली. त्यातील रचना इतक्या लोकप्रिय झाल्या की महाराष्ट्रातील क्वचितच एखादा संगीतवर्ग त्यांच्यावाचून असेल. पण रचना लोकांनी उचलली ती प्रभाताईंचे 'गाणे' म्हणून. प्रभाताईंची 'रचना' म्हणून ती ओळखणारे त्यामानाने थोडे. अनेकांना तर ती जुनी, पारंपरिक चीजच वाटते. रचनाकाराच्या दृष्टीने हा परमोच्च गौरव आहे असे कोणी म्हणेल. असेल, पण ज्या स्त्रीने आपल्या निर्मितिप्रक्रियेविषयी सातत्याने लिहिले, 'स्वरांगिणी' आणि 'स्वररंजनी' यांतून आपल्या बंदिशी स्वरलिपीसह स्वतःच्या नावाने मांडल्या, तिला हा निनावी गौरव पुरेसा वाटत नव्हता हे उघड आहे. स्त्री-कलावंताला गायिका म्हणून मान्यता देण्यास आपला समाज विसाव्या शतकात शिकला. तिला वाग्गेयकार म्हणणे अजूनही त्याच्या जिभेवर सहज येत नाही. जुन्या बंदिशींत स्त्रीचा आवाज सर्वत्र आहे, सासू-नणंदेची गाऱ्हाणी आहेत, विरह आहे. त्या लिहिणारे मात्र बहुतेक पुरुष. अत्रे यांच्या रचनांत हा आवाज पहिल्यांदा स्वतःच्या मालकीचा होतो, आणि समीक्षेने त्याकडे पुरेसे पाहिलेले नाही.

तिसरा मार्ग व्यक्तिमत्त्वाचा. कुमार गंधर्व (१९२४–१९९२) यांचा 'अनूपरागविलास'चा पहिला भाग १९६५ साली प्रसिद्ध झाला. मैफलीच्या ऐन भरातील गायकाने स्वतःच्या रचनांचे पुस्तक काढावे, ही घटना त्या काळी धाडसाची होती. त्याआधीची कथा सर्वज्ञात आहे: बालपणीची अफाट कीर्ती, देवधरांकडील शिक्षण, क्षयाचे दुखणे, देवासला स्थलांतर, काही वर्षांचे सक्तीचे मौन, आणि त्या मौनात माळव्याच्या लोकगीतांचे श्रवण. कारकिर्दीच्या नेहमीच्या हिशेबाने ही वर्षे तुटीची. रचनाकाराच्या हिशेबाने ती सर्वांत श्रीमंत. मालवती, लगनगांधार, संजारी, सहेलीतोडी यांसारखे धुनउगम राग आणि त्यांतील बंदिशी या काळाच्या मशागतीतून आल्या. १९६९ च्या गांधी जन्मशताब्दीला 'गांधी मल्हार' आला. त्यांची बंदिश हाताळताना जाणवते की तिच्यात गाण्याची चालदेखील गोठवलेली आहे. मुखडा कोठल्या मात्रेवरून उसळतो, शब्द कोठे तोडला जातो, माळवी बोलीतील छोटा शब्द समेवर कसा आपटतो, या सगळ्यांत पुढील विस्ताराची दिशा ठरून गेलेली असते. म्हणून ती इतरांनी गायली की गायक कुमारांसारखा ऐकू येऊ लागतो. हे यश आहे की मर्यादा? प्रस्तुत लेखकाच्या मते दोन्ही. अत्रे यांची बंदिश कोणाच्याही गळ्यात जाऊन त्या गळ्याची होते, आणि तिचे कर्तृत्व पुसले जाते. कुमारांची बंदिश आपले कर्तृत्व सोडत नाही, आणि म्हणून फार गळ्यांत जात नाही. 'गीतवर्षा', 'गीतहेमंत', 'गीतवसंत' अशा संकल्पित मैफलींतून कुमारांनी रचनेलाच कार्यक्रमाचा विषय केले. रचनाकाराची म्हणून काही कारकीर्द हिंदुस्थानी संगीतात खरोखर उभी राहिली असेल तर ती एवढीच, आणि तीही गायकाच्या असामान्य कीर्तीच्या आधाराने.

न्यायालयापुढील बंदिश

या सर्व गोष्टी अलीकडेपर्यंत सौजन्याच्या कक्षेतील मानल्या जात. २०२५ साली त्या न्यायालयापुढे आल्या. २०२३ मधील 'पोन्नियिन सेल्वन २' या चित्रपटातील ए. आर. रहमान यांचे एक गीत, आपले वडील व काका, म्हणजे कनिष्ठ डागर बंधू, यांच्या अडाणा रागातील 'शिवस्तुति' या रचनेवर बेतले असल्याचा दावा उस्ताद फैयाज वासिफुद्दीन डागर यांनी केला. दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल न्यायपीठाने एप्रिल २०२५ मध्ये अंतरिम आदेश देताना हा दावा प्रथमदर्शनी ग्राह्य मानला आणि श्रेयनामावलीत बदल करण्यास व दोन कोटी रुपये न्यायालयात जमा करण्यास सांगितले. सप्टेंबर २०२५ मध्ये द्विसदस्यीय न्यायपीठाने तो आदेश रद्द केला. दोन्ही आदेश अंतरिम टप्प्यावरचे; त्यांना रचनेच्या कर्तृत्वाचा अंतिम निवाडा समजणे चूक ठरेल. परंतु दुसऱ्या आदेशातील युक्तिवाद आपल्या विषयाच्या गाभ्याशी भिडतो. ध्वनिमुद्रणावर गायक म्हणून नाव असणे हा त्या रचनेचा कर्ता असल्याचा पुरावा नव्हे, असे तेथे म्हटले गेले.

तार्किकदृष्ट्या हे विधान निर्दोष आहे, आणि शार्ङ्गदेवाच्या वर्गीकरणाशी जुळणारेही. अडचण अशी, की ज्या परंपरेने रचनाकाराचे नाव वेगळे लिहिण्याची सवयच कधी लावून घेतली नाही, त्या परंपरेतील माणसाने पुरावा कोठून आणावा? कायदा याबाबत आपल्याहून उदार आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. १९५७ च्या कायद्यात १९९४ साली झालेल्या दुरुस्तीनुसार, स्वरलिपी लिहून ठेवली असो वा नसो, संगीत रचणारा तो रचनाकार. म्हणजे मौखिक रचनेलाही संरक्षण आहे. त्याच दुरुस्तीने कलावंताला सादरकर्ता म्हणून हक्क दिले आणि २०१२ मध्ये ते अधिक विस्तारले. कायद्याने दोन्ही दारे उघडी ठेवली आहेत. दाराशी दाखवायची चिठ्ठी मात्र आपण कधी लिहिली नाही.

येथे एक आक्षेप विचारात घ्यावा लागेल. श्रेयाची आणि मालकीची भाषा एकदा आली की परंपरेचा मुक्त व्यवहार आटेल. जोगकौंसातील बंदिश गाण्यापूर्वी गुणिदासांच्या वारसांची परवानगी मागावी लागेल काय? ही भीती अनाठायी नाही. राग कोणाच्या मालकीचा असू शकत नाही, आणि बंदिशीवर कुंपण घालणे हे मौखिक परंपरेच्या मुळावर येईल. तथापि नाव घेणे आणि परवानगी मागणे यांत अंतर आहे. कवीचे नाव न घेता कोणी कविसंमेलनात दुसऱ्याची कविता म्हणत नाही, आणि त्यामुळे कविता म्हणण्याचे कोणी थांबलेले नाही.

'स्वरचित' बंदिशींचा पूर

याच्या उलट दिशेचा एक प्रकार अलीकडे वाढला आहे आणि त्याविषयी मौन पाळणे योग्य होणार नाही. 'ही माझी स्वरचित बंदिश' अशी घोषणा आता दर दुसऱ्या मैफलीत ऐकू येते. ध्वनिमुद्रणे मुबलक झाली, प्रत्येकाला काहीतरी निराळे दाखवावे लागते, आणि नव्या रागाच्या नावाने किंवा नव्या चिजेने ते झटपट साधते. या रचनांपैकी बऱ्याच वाचल्या आणि ऐकल्या असता असे दिसते की शब्द ब्रजभाषेचे असले तरी भाषेची जाण नाही. 'पिया', 'सजन', 'बरखा' यांची अदलाबदल केली की काम झाले. मुखड्याला स्वतःचे वजन नसते. तो दुसऱ्या एखाद्या प्रसिद्ध चिजेचा मुखडा थोडा सरकवून बनविलेला असतो. शार्ङ्गदेवाच्या निकषाने पाहता धातु उसना आणि मातु दुबळा. जगन्नाथबुवांनी जोगकौंसात जे केले ते दोन राग जोडण्याचे गणित नव्हते. त्या जोडणीला त्यांच्या बंदिशींनी चेहरा दिला, म्हणून तो राग आज सर्व घराण्यांत नांदतो. रचनाकाराचे नाव घेण्याची शिस्त आली तर या पुरालाही काहीसा आळा बसेल, कारण नावाबरोबर जबाबदारी येते आणि तुलना करता येते. नाव नसलेल्या रचनेची समीक्षाच होऊ शकत नाही. ती चांगली असली तर परंपरेची आणि वाईट असली तर कोणाचीच नाही, अशी स्थिती आज आहे.

आपल्या संस्थांत

महाविद्यालये आणि विद्यापीठे यांनी या बाबतीत काय केले? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत संगीताच्या सहायक प्राध्यापकपदासाठी परंपरेत शिकलेल्या कलावंताला स्वतंत्र वाट ठेवली आहे, हे स्वागतार्ह आहे. त्या वाटेवरील अटी पाहाव्यात: नामवंत गुरूंकडे शिक्षण, आकाशवाणी किंवा दूरदर्शनची 'अ' श्रेणी, विषय तर्कशुद्धपणे समजावून सांगण्याची क्षमता, प्रात्यक्षिकासह शास्त्र शिकविण्याइतके ज्ञान. सादरीकरण आहे, अध्यापन आहे, शास्त्र आहे. रचनेचा शब्द नाही. ज्या व्यवसायात रातंजनकर, झा, भट्ट, अत्रे यांनी आपली रचनाकारकीर्द प्रत्यक्षात जगून दाखविली, त्या व्यवसायाच्या प्रवेशपत्रिकेत रचनेला रकाना नसावा, ही विसंगती आहे. संगीताच्या अध्यापकाने दोन शोधनिबंध लिहिले तर त्यांचे गुण मोजले जातात. त्याने झपतालात एक उत्कृष्ट बंदिश बांधली, तर ती विद्यार्थ्यांनी गाण्यापलीकडे तिची कोठेही नोंद होत नाही. रचनेचे समवयस्कांकडून परीक्षण करणे अवघड आहे असे सांगितले जाते. ते शोधनिबंधाच्या परीक्षणाहून अधिक अवघड का असावे, हे समजत नाही. रागशुद्धी, ताल-बांधणी, शब्दांचे उच्चारमूल्य आणि विस्तारक्षमता हे निकष तज्ज्ञांना परिचित आहेत, आणि दोन परीक्षकांनी बंदिश ऐकून त्यांवर लेखी मत देणे अशक्य नाही.

त्याहूनही साधी गोष्ट प्रात्यक्षिक परीक्षेच्या वहीची आहे. पदवीचा विद्यार्थी वहीत स्वरलिपी लिहितो तेव्हा वर राग, ताल, लय, आणि असल्यास वादी-संवादी यांची नोंद करतो. परीक्षक विचारतात तेही एवढेच. फार तर घराणे. मारुबिहागाची ती बंदिश उतरवून काढणारा विद्यार्थी तिच्या शिरोभागी प्रभा अत्रे हे नाव लिहीत नाही, कारण त्यासाठी ओळ आखलेली नसते. अंतरा त्याने पूर्ण पाठ केलेला असतो. परीक्षेत तो पूर्ण म्हणावाही लागतो. मुद्रा असलेल्या रचनेत रचनाकाराचे नाव तो विद्यार्थी स्वतःच्या तोंडाने उच्चारतो, आणि हे कोण, असे त्याला कोणी विचारत नाही. वहीच्या नमुन्यात तालाखाली 'रचनाकार' अशी एक ओळ वाढविण्यासाठी अभ्यासमंडळाची एक बैठक पुरते.